करंगळीचं काय घेऊन बसलात

— नाही हो, गेलंच तर एकच बोट जाणार. करंगळी. आणि करंगळीचं काय घेऊन बसलात? जन्मभर तिनं एकच काम केलं — अंधारात पलंगाचा पाय शोधायचा! हसू नका, तुमचे टाके ताजे आहेत. माझ्यापायी पोट उसवलं तर ती नर्स मला खाटेसकट बाहेर काढेल.

कसं झालं? गाढवपणानं झालं. तेही साधं गाढव नव्हे, शिकवणारं गाढव. आमचा डोंगर चढणाऱ्यांचा गट आहे, मी त्याचा म्होरक्या — आणि थंडीत निघण्याआधी पायांवर भाषण कोण देतं? मीच. बुटात बोटांना नाचता आलं पाहिजे. नवे बूट आधी घरात वापरा, थेट बर्फात नेऊ नका. सुती मोजे नकोत, भिजले की पाय गारठवतात. कोरडी जोडी पिशवीत ठेवा, ओलं झालं की तिथंच बदला. आणि दुखतंय तोवर ठीक, दुखायचं थांबलं की घाबरा! मागून कुजबुजतात मेले — झालं, पायपुराण सुरू.

मग काय, मग गटात दंतवैद्यीणबाई आल्या. वय? माझ्याएवढंच — म्हणजे थोडं कमी. एकट्याच असतात. मीही एकटाच, बायको जाऊन बरीच वर्षं — ते असो. तर बाईंनी माझ्या जुन्या बुटांकडे पाहिलं नि म्हणाल्या, "हे बूट आहेत की पावसात भिजलेली दोन मांजरं?" सगळे हसले. मीही हसलो. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन नवे घेतले. तांबूस, देखणे — फक्त एक माप लहान. दुकानदार म्हणाला, "काका, चावतील." म्हटलं, तू बांध.

हे कुणाला सांगू नका हं.

वाटेत ओढा, वर बर्फाचा पापुद्रा. बाईंचा पाय फसला. त्यांना ओढायला मी धावलो तो दोन्ही पायांनी पाण्यात! वर आलो, माझी कोरडी जोडी त्यांना दिली. "आणि तुम्हाला?" म्हणाल्या. "आहेत की अजून दोन जोड्या" — दिलं ठोकून. खडकामागे गेलो, तेच मोजे पिळले, तेच घातले, आणि शीळ घालत बाहेर आलो. आधी बोटं ठणकली. मग ठणकायची थांबली. माझंच भाषण कानात वाजत होतं, राव — पण पुढे बाई चालत होत्या, आणि वळून वळून बघत होत्या!

निवाऱ्यावर पोचलो तर बूट निघेनात. बाईंनी सुरीनं नाड्या कापल्या. बोटं खडूसारखी पांढरी. कुणीतरी मला शेकोटीकडे ओढायला लागलं तर ओरडल्या, "आगीजवळ नको, भाजलं तरी कळायचं नाही त्यांना! आणि चोळू नका!" — माझीच वाक्यं! मग खाली बसल्या, स्वेटर वर केला, आणि माझे दोन्ही पाय घेतले पोटाशी. अहो, सगळ्यांसमोर! आणि विचारतात, "दोन जोड्या कुठायत?" मी डोळे मिटून घेतले. तर म्हणाल्या, "ओढ्यावरच शंका आली होती. पण वाटलं, माणूस इतका मूर्ख नसेल."

रडलो, हो. पाय जागे होताना कळ अशी येते की जीव जातो. पण... कळेमुळे नव्हतो रडत. बायको गेल्यापासून माझ्या पायांना कुणी हात लावला नव्हता हो.

पुसतोय, पुसतोय. सर्दी आहे ही.

आता मुलगी म्हणते, डोंगर बंद, बाबा, माझ्याकडे राहायला या. म्हणजे खिडकीत बसून तिची कुंड्यांतली झाडं राखायची. मी 'बघू' म्हणून टोलवतोय. तिला बाईंचं अवाक्षर सांगितलेलं नाही. कसं सांगू? या वयात बापानं पोरीला सांगायचं की — काय सांगायचं? बाईंनी तरी मला कुठं काय म्हटलंय? परवा आल्या, अर्धा तास बसल्या, माझे दात तपासून गेल्या. त्यातून काय समजायचं माणसानं?

थांबा. पावलं वाजतायत. मुलगीच — तशीच धाडधाड चालते. पण बरोबर कोण? जरा वाकून बघा ना दारातून — नको, टाके! मीच बघतो... अरे देवा. दोघी. एकदम! मुलीनं बाईंचा हात धरलाय, आणि हसतायत दोघी. कशाला हसतायत? कुणाला हसतायत?

तुम्ही त्या कुशीवर वळा बघू. वळा म्हणतो ना! मी झोपलोय.