निकटच्या सूत्रानुसार

ताई : "मालक आता मापं डोळ्यांनी नाही, सवयीने घेतात." ऑर्डर देणार होती त्या कंपनीच्या साहेबाने तुझ्या दाजींना कागदावरून वाचून दाखवलं. वाक्य ओळखीचं वाटतंय?

भाऊ : ताई, आधी बस तरी.

ताई : तुझ्या ऑफिसात बसायला नाही आले. पुढे म्हणे लिहिलं होतं, "निकटच्या सूत्रानुसार". सूत्र म्हणजे कोण रे?

भाऊ : …तू.

ताई : मी मेली ओट्याशी उभी राहून भावापाशी मन मोकळं करते, आणि तू टिपून घेतोस?

भाऊ : टिपलं नव्हतं गं. लक्षात राहिलं. वीस वर्षं लोकांची माहिती काढतोय, कान बंदच होत नाहीत आता.

ताई : मग सांगायचंस ना, "वर्कशॉप माझ्या दाजींचं आहे, हे काम मला नको."

भाऊ : तिथेच चुकलो. वाटलं, दुसरा कुणी चिरफाड करेल. मी अहवाल स्वच्छच दिला होता. माल चोख, माणूस सरळ. आमच्या ऑफिसच्या मोठ्या बाईंनी परत पाठवला. म्हणाल्या, "काही आढळलं नाही" याचे पैसे कोण देतं? एक तरी ओळ आण.

ताई : पण एवढ्या मोठ्या कंपनीला विकतच्या चुगल्या कशाला लागतात? माणूस समोर बसला होता, त्यालाच विचारायचं!

भाऊ : त्यांना खरं-खोटं नकोच असतं. उद्या काही बिघडलं, तर "आम्ही चौकशी केली होती" म्हणायला कागद हवा असतो. म्हटलं, एका ओळीने काय आभाळ कोसळतंय? पडून राहील फाइलीत.

ताई : ऑर्डर गेली. ती जाऊ दे, नव्हती नशिबात. पण डोळ्यांचं फक्त मला ठाऊक होतं रे. नऊ दिवस झाले, माझ्याशी अक्षर बोललेले नाहीत. ताट उचलून दुसऱ्या खोलीत जातात.

भाऊ : मी येतो. पाय धरतो त्यांचे. सांगतो, मी लिहिलं.

ताई : काही नको. शेजारणीकडे बोलून गेले, असं सांगितलंय मी. तुझं नाव निघालं तर ते तुला दारात उभं करणार नाहीत. आणि माझं माहेर म्हणून तू एकटाच उरलायस.

(ताई पिशवी उचलते.)

भाऊ : ताई… दाजींच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं काय ठरलं?

ताई : हे कोण विचारतंय?