पाखरू उडायच्या आधी

सासरे: थांब, थांब, आत्ता बोलू नकोस. उडालंय.

सून: काय उडालंय? बाबा, मी दुपारच्या गोळीबद्दल विचारतेय.

सासरे: घेतली. म्हणजे घेतो. आधी हे बघ. ते पिवळं पाखरू दिसतंय ना? दीडपट... पावणेदोन... दोन! दोनच्या वर गेलं. काय चढतंय बघ.

सून: हा कसला खेळ? द्या बघू इकडे. अगंबाई! बाबा, हा जुगार आहे!

सासरे: डेमो आहे. वर लिहिलंय, चष्मा लावून वाच. फुकट. तीनपट... आता उतरवतो... अरेरे.

सून: काय झालं?

सासरे: भुर्र. तीन पॉइंट एकवर गेलं, माझं बोट पोचेपर्यंत. उजवा लुळा पडला, डावा हात अजून उमेदवारी करतोय.

सून: कुणी शिकवलं हे तुम्हाला?

सासरे: तुमच्या व्यायामवाल्या बाईंनी. म्हणाल्या, आजोबा, टॅबवर बोट चालवा, खेळ खेळा. फळं कापायचा खेळ दिला. फळं कापून कापून जीव विटला. त्यात एक जाहिरात आली आणि जाहिरातीत हे पाखरू.

सून: बाई असं शिकवतील होय! आणि यात करायचं काय?

सासरे: काही नाही. एका बटणाचा खेळ. पाखरू उडतं. जितकं वर, तितके पट. मध्येच केव्हातरी भुर्र होतं. त्याच्या आधी 'उतरवा' दाबलं तर तितके पट तुमचे. नाही दाबलं तर लावलेलं सगळं गेलं.

सून: आज डेमो, उद्या खरे पैसे. त्यासाठीच तर फुकट देतात. आमच्या औषधाच्या दुकानात कंपनीचा माणूस सँपलच्या गोळ्या ठेवून जातो, तो काय धर्मादाय करतो?

सासरे: मला कळतं गं. केस काय उन्हात पांढरे झाले? चार दिवसांत चार डेमो बघितले मी. फुगा, अग्निबाण, एक मोटार आणि हे पाखरू. वरून वेगळे, आत एकच. चढायचं आणि संपायचं.

सून: चार दिवस हेच करताय?

सासरे: तुझी सासू गेल्यापासून. घर खायला उठतं मला.

सून: येतील हो त्या. बहिणीकडे गेल्यात, दोन दिवस जास्त राहिल्या तर काय बिघडलं?

सासरे: काही बिघडलं असं मी कुठे म्हणालो?

सून: ... गोळी घ्या. हे पाणी.

सासरे: घेतली बघ. आता ही वही उघड. मधल्या पानापासून.

सून: हे सगळे आकडे? एक पॉइंट चार, सात पॉइंट दोन... पानंच्या पानं आहेत! हे कुणी लिहिलं?

सासरे: मी.

सून: तुम्ही? डाव्या हाताने? बाबा, आठ महिन्यांपूर्वी तुम्हाला चमचा धरवत नव्हता!

सासरे: पहिलं पान कोंबडीने लिहिल्यासारखं आहे, ते बघू नकोस. तीनशे उड्डाणं आहेत.

सून: ही शेवटची पानं तर माझ्यापेक्षा सुवाच्य आहेत. पण कशासाठी?

सासरे: तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली मी. वरच्या केबिनमध्ये बसायचं आणि खाली हुकाला बारा टनांचं ओझं. वारा फिरला तर ओझं सांगतं. दोर थकला तर दोर सांगतो. आकडा बघायची गरजच नाही, हाताला कळतं. दूधसुद्धा उतू जायच्या आधी सांगतं की नाही? म्हटलं, हे पाखरूही सांगत असेल, आपणच ऐकत नाही. लिहून ठेवू, कळेल.

सून: मग? कळलं?

सासरे: डोंबल कळलं! तेच तर नवल. पाच वेळा लागोपाठ लवकर गेलं, म्हटलं आता उंच जाणार. सहाव्यांदा उडालंच नाही. एक पॉइंट शून्य शून्य. पंख पसरले आणि भुर्र. आणि परवा सकाळी, मी कंटाळून पाणी प्यायला उठलो, येऊन बघतो तर चारशेपट! चारशे, आणि अजून चढतंय! मी उभाच राहिलो. हात जोडले गं मी त्याला. एक जुळला, दुसरा कसाबसा आणला.

सून: आणि बटण?

सासरे: कसलं बटण? मी डावच लावला नव्हता. नुसता बघत होतो. क्रेनवर पहिल्यांदा चढलो, तेव्हा वरून समुद्र असा दिसला होता. वाटलं, एवढं मोठं काहीतरी इथे होतंच आणि आपण खाली गोण्या मोजत होतो.

सून: तुम्ही असं सांगता की माझ्याही अंगावर काटा आला. थांबा जरा, खाली नियम लिहिलेत. वाचते... अरे बाप रे.

सासरे: काय?

सून: पाखरू कुठे संपणार, ते उडायच्या आधीच ठरलेलं असतं म्हणे. तो आकडा आधी कुलपात टाकतात. खेळ संपला की किल्ली देतात, म्हणजे मध्ये कुणी बदलला नाही हे कुणालाही पडताळून बघता यावं.

सासरे: परत वाच.

सून: उडायच्या आधीच ठरलेलं असतं.

सासरे: आधीच? म्हणजे मी इथे श्वास रोखून बसलोय, आता जातंय का मग जातंय... आणि ते पाकिटात लिहून ठेवलेलं आहे?

सून: हो. तुम्ही बघा नाहीतर बघू नका.

सासरे: काय डोकं लावलंय! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं असेल हे? आणि लोकांना वाटतं, बोट चपळ पाहिजे. मलाही तसंच वाटत होतं. माझंही असंच झालं ना गं. मागच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतो, हातात खुर्चीचा तुटका पाय. डोकं दुखलं नाही, चक्कर नाही. तीस वर्षं लोखंडाचं ऐकलं मी, आणि माझ्याच डोक्यातली नस फुटायच्या आधी एका शब्दाने बोलली नाही.

सून: नका आठवू ते. आणि म्हणूनच सांगते, बंद करा हे. इथे तुमच्या हाताचा कस चालत नाही.

सासरे: बंदच करणार आहे. मला आता खरं खेळायचंय.

सून: झालं! मी म्हटलं नव्हतं? बाबा, तुमच्या पाया पडते. यांना कळलं तर मलाच बोलतील—

सासरे: पाखराचं नाही म्हणत मी. ऐक तर. या डेमोत हजार पॉइंट देतात. संपले की परत हजार. परत संपले, परत हजार. हरताच येत नाही. पहिल्या दिवशी मजा वाटली. काल राग आला. लहानपणी आम्ही धाकट्या भावाला खेळात घ्यायचो, कच्चं लिंबू म्हणून. तो पळायचा, ओरडायचा, आउट व्हायचा. पण त्याचं आउट धरायचंच नाही. एके दिवशी तो मैदानात बसून धाय मोकलून रडला. म्हणे, मला आउट द्या!

सून: मग दिलंत?

सासरे: नाही. हसलो. आज कळतंय त्याला काय झालं होतं ते. या घरात मी डेमोवर आहे, सूनबाई.

सून: असं काय बोलता?

सासरे: खोटं आहे? पडद्यांना कुठला रंग, म्हणून विचारलंत. मी निळा म्हटलं. खिडकीला बघ काय लागलंय. पत्त्यांत मला जिंकवता. माझ्या विनोदांना हसता.

सून: विनोद चांगले असतात हो तुमचे.

सासरे: सूनबाई.

सून: बरं. सगळे नसतात.

सासरे: हां. हे पहिलं खरं वाक्य. आता दुसरं बोल. हा शर्ट बघ माझा.

सून: काय झालं त्याला?

सासरे: बटणं नाहीत. बटणांच्या जागी चिकटपट्टी शिवलीय, एका हाताने दाबली की बसते. कपाट उघडलं तर सगळ्या शर्टांना तशीच. अकरा शर्ट. आठ महिने ती रोज सकाळी माझी बटणं लावत होती, एकदा कुरकुरली नाही. दोन दिवसांसाठी बहिणीकडे जाणारी बाई अकरा शर्ट शिवून ठेवत नाही गं.

(टॅबवरचं पाखरू कुणी न खेळताही उडतं, जातं, पुन्हा उडतं.)

सासरे: आमच्या कामात एक नियम होता. हुकाला ओझं लटकत असताना केबिन सोडायची नाही. जेवण राहिलं तरी चालेल, पाऊस आला तरी चालेल. आधी ओझं खाली टेकवायचं. तुम्ही चार दिवस ते माझ्या डोक्यावर लटकत ठेवलंय, आणि खालून सगळे म्हणताय, काही नाही, काही नाही.

सून: त्यांनी शपथ घातलीय मला. यांनीही. तुमचं प्रेशर वाढेल म्हणून.

सासरे: मग मोज. यंत्र आण आणि मोज. आत्ता.

सून: बाबा...

सासरे: पट्टा बांध. डाव्या हाताला.

सून: हलू नका. बोलू नका... एकशे चाळीस, नव्वद.

सासरे: म्हणजे?

सून: रोजच्यापेक्षा जरासंच जास्त. माझं याहून जास्त असेल आत्ता.

सासरे: मग बोल. पाकिटात जे असायचं ते आहेच. तू सांगितल्याने बदलणार नाही आणि लपवल्यानेही नाही. पण ते उघडताना ती एकटी असेल का मी शेजारी असेन, तेवढं तर अजून ठरलेलं नाही ना?

सून: ... गाठ आहे, बाबा. छातीत. बोराएवढी. उद्या सकाळी आठला काढणार. कसली आहे ते तपासल्यावरच कळेल. हे तिथेच आहेत, त्यांच्याजवळ.

सासरे: कधी कळलं?

सून: तीन आठवडे झाले.

सासरे: तीन आठवडे! तीन आठवडे ती माझ्यासमोर बसून पत्ते खेळली?

सून: आणि रात्री मशीन चालवून शर्ट शिवले. आवाज येऊ नये म्हणून मशीनखाली घोंगडी घालायच्या.

सासरे: काय बाई आहे गं ही! माझी बायको आहे म्हणून नाही सांगत. काय बाई आहे! मी बारा टन उचलायचो तर खाली चार माणसं झेंडे दाखवायला असायची. हिने एकटीने उचललं, आणि शेजारच्या खाटेवर असून मला ती साधी हललेलीसुद्धा कळली नाही.

सून: रडू नका ना. रडलात तर मीपण रडेन.

सासरे: रड की. परवानगी आहे. आणि मग फोन लाव.

सून: त्या मला उभी चिरतील.

सासरे: तुझं नाव नाही सांगत. लाव.

सून: ... वाजतोय. घ्या. मोठ्या आवाजावर ठेवलाय.

सासू: काय गं? यांनी गोळी घेतली का?

सासरे: घेतली. मीच बोलतोय.

सासू: अहो! तुम्ही? काय म्हणता? इकडे... इकडे बहिणीकडे अगदी मजेत चाललंय. काल आम्ही बाजारात—

सासरे: कितवा मजला?

सासू: काय?

सासरे: खाट कितव्या मजल्यावर आहे तुझी?

सासू: ... कुणी सांगितलं? सुनेने ना? द्या तिला फोन.

सासरे: ती बिचारी प्रेशर मोजतेय माझं. मला शर्टांनी सांगितलं. कितवा मजला?

सासू: चौथा.

सासरे: भेटायची वेळ?

सासू: चार ते सहा. पण तुम्ही कशाला? एवढ्या लांब, तुमचा पाय असा. उगाच दगदग. इथे सगळे आहेत. हा आहे, परिचारिका फार चांगल्या आहेत, डॉक्टर दोनदा येऊन सांगून गेले, काळजी करू नका. शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा म्हणते, काही नसतं. सगळे धीर देतायत मला.

सासरे: आणि तू?

सासू: मी काय? मी त्यांनाच धीर देतेय उलट. सकाळपासून नुसता धीर चाललाय इथे. एक माणूस नाही हो असा, की ज्याच्यापाशी बसून नुसतं घाबरावं.

सासरे: मी आहे ना. माझे हातपाय कापतायत इथे.

सासू: खरंच?

सासरे: तुझ्या गळ्याशपथ. सूनबाईला विचार, पाण्याचा पेला धरवत नाहीये.

सासू: मग चार कशाला वाजवता? आत्ताच या.