टेल्युरियमचा वास

अहो, मागे काय सरकताय साहेब – लसूण खाल्लेली नाही मी! दोन महिने झाले, लसणीकडे बघितलंसुद्धा नाही. हा टेल्युरियमचा वास. त्याचा धूर जरासा छातीत गेला ना, की श्वासाला, घामाला, सगळ्याला हाच दर्प – दात घासा, लवंग चघळा, ढिम्म फरक पडत नाही. बसा, खिडकीजवळ बसा. अपघाताच्या चौकशीला आलात, तर माल तरी बघा – हा तुकडा – हातमोजा घाला आधी – चांदी वाटते की नाही? पण हातोडी मारा, पत्रा व्हायचा नाही, सरळ भुगा! वीज म्हणाल तर धड जाऊ देत नाही, धड अडवतही नाही – अर्धवाहक म्हणतात – आमचा मेव्हणा तसाच, लग्नाला हो म्हणतोय की नाही, हे आम्हाला लग्नाच्या दिवशी कळलं. पाण्याला दाद नाही, नायट्रिक ॲसिड दिसलं की मात्र विरघळलंच. साडेचारशे अंशांना वितळतं, आणि त्याहून तापलं, हवा लागली, की पेटतं – निळीहिरवी ज्योत, बघत बसावी अशी – आणि वर पांढरा धूर. म्हणून तर भट्टीवर धूर ओढणारा पंखा. त्या दिवशी तो बंद पडला – म्हणजे – तुमच्या कागदावर काय आहे? मास्तरांनी बंद केला? हो, तसंच. मास्तर म्हणजे मला ही भट्टी शिकवली, ते.

बायकोचा फोन आला होता हो. दीड महिना माहेरी, बोलणं बंद – कारण विचारू नका, मीच गाढव – आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचं नाव फोनवर. पंख्याचा आवाज असा, की आपलंच खोकणं आपल्याला ऐकू येऊ नये. म्हटलं, दोन मिनिटं – काय होतंय दोन मिनिटांत? केला बंद. ती म्हणाली, "येऊ का परत?" – मी 'ये' म्हणायला तोंड उघडलं, आणि धूर आत! मास्तरांनी मला बकोटीला धरून बाहेर फेकलं, स्वतः आत जाऊन भट्टी विझवली. मालक आले, तर खोकत खोकत म्हणतात, "पंखा मीच बंद केला. वय झालं माझं." बत्तीस वर्षांची नोकरी – बसवलं घरी! आणि मी? मी गप्प. तोंड उघडलं की वास येतो ना – हसू नका.

बायको आली. पलीकडच्या खोलीत झोपते, नाकाला पदर लावून – पण आली. परवा मास्तरांकडे गेलो, तर त्यांच्या घरातही हाच वास. मास्तरीणबाईंनी चहा दिला, म्हणाल्या, "तुमची मंडळी परत आली म्हणे, बरं झालं." दोन शिव्या हासडल्या असत्या ना, तर चहा गळ्याखाली उतरला असता.

अहो – हे लिहिताय की काय तुम्ही? मी आपलं असंच – खोडा ते. खोडा म्हणतो ना! – नाही, थांबा. राहू द्या. मास्तरांचं नाव खोडा, तिथे माझं घाला. सही कुठे करायची? – इथे? – हं. झालं ना? मग उठा आता. बघताय काय – जा!