डायलिसिसच्या खुर्चीतली अ‍ॅडमिशन

...आणि उठून जायचीही सोय नाही हो! तुम्हाला सांगतो, घरात वाद पेटला की माणूस चपला घालून कोपऱ्यावर जातो, निदान बाथरूममध्ये तरी जातो. मी कुठे जाणार? डायलिसिसला बसलेला, एका हातात दोन सुया, दुसऱ्याला बीपीचा पट्टा, आणि टेक्निशियनची ताकीद, "काका, हात हलवायचा नाही." चार तास! हे हेरूनच घरच्यांनी पोरीच्या इंजिनीअरिंगच्या अ‍ॅडमिशनची बैठक माझ्या खुर्चीभोवती भरवली.

प्रश्न काय, तर बायोमेडिकल की बायोकेमिकल. मेहुण्याचं नळाच्या सामानाचं दुकान, तो मशीनकडे बघत, "भाऊजी, बायोमेडिकलच! असली यंत्रं बनवायची. नळीत नळी, आहे काय त्यात?" बायको म्हणते, "यंत्रं बंद पडतात, आपला मिक्सर बघा. बायोकेमिकल म्हणजे औषधं. औषधच निघालं तर सुया कशाला?" जसं काही पोरगी पहिल्याच वर्षी पातेलं चढवणार! इकडे माझ्या नाकाला खाज सुटलेली, मी मान उडवून बायकोला नाकाकडे खुणावतोय, तर तिला वाटलं मी तिच्या बाजूने मान डोलावतोय... पण हात हलवायचा नाही.

पोरीला कुणी विचारलं का? तिला लहानपणापासून पूल बांधायचे होते. पूल, हो! मी आजारी पडलो आणि तिने पुलांचं नावच टाकलं. आता तीच शेजारच्या स्टुलावरून वाकून विचारते, "बाबा, तुम्हाला कशाचा उपयोग होईल?" काय सांगू तिला? दोन्ही कोर्स चार वर्षांचे, आणि डॉक्टरांनी मला एकट्याला गाठून जो आकडा सांगितला, तो चारपेक्षा लहान आहे.

मी म्हटलं, "बायोमेडिकल घे." यंत्रासाठी नाही... ते कॉलेज लांब आहे, हॉस्टेलवर राहावं लागतं. म्हटलं, या स्टुलावरून तरी सुटेल पोर.

तर म्हणते, "बायोकेमिकलचं कॉलेज या हॉस्पिटलच्या मागेच आहे, बाबा. तुम्हाला ने-आण करायला बरं." आणि काढला मोबाईल, सीट पक्की करायला. मी "थांब गं" म्हणत हात उचलला, तशी मशीन कोकलायला लागली, टेक्निशियन धावत आला, "काका, किती वेळा सांगायचं?" त्याने नळी सरळ केली, तोवर हिची सीट पक्की.

ती म्हणाली, "बाबा, हात हलवायचा नाही." आणि न सांगता माझं नाक खाजवून दिलं.