सांगून ये, पळून नको

"हॅलो? … हॅलो, कोण? ठमे, तू? अगं, या वेळी? सराव असतो ना तुझा आत्ता? … कुठे? बसस्टँडवर? तिथे काय करतेस?"

आपल्या चष्म्याच्या दुकानात ताईने हातातली काच फडक्यावर ठेवली. समोरच्या स्टुलावर रिटायर्ड मास्तर आपल्या चष्म्याची वाट बघत बसले होते. ठमी म्हणजे तिची धाकटी बहीण, परदेशातल्या एका फुटबॉल क्लबाची गोलकीपर. करार दोन हंगामांचा होता आणि तिला जाऊन जेमतेम चार महिने झाले होते.

"बॅग घेऊन? सगळं सामान? … विमानाचं तिकीट पण काढलंस! आणि सांगितलंस कोणाला? … कोणालाच नाही. वा, शाब्बास! … हो, हो… अगं ऐक ना. रडू नकोस. म्हणजे रड, पण ऐकत रड."

मास्तरांनी खोकून घड्याळाकडे पाहिलं.

"मास्तर, पाच मिनिटं हं. … नाही गं, तुला नाही. मास्तर बसलेत, नंबर वाढलाय त्यांचा. … मला सगळं कळतं, ठमे. दुपारी चारलाच अंधार पडतो, खोलीत तू एकटी. सगळ्या जणी कशावर तरी हसतात, तुला काही कळत नाही, आणि तूही उगाच हसतेस. … अगं, तूच सांगितलंस मागे! पण सही कोणी ठोकली? वकीलमामा एकेक कलम वाचून दाखवत होते, तेव्हा काय म्हणालीस? 'मामा, वाचणं पुरे, पेन द्या.' … बरं, कागद सोड. रविवारी मॅच आहे ना? … आणि ती दुसरी गोलकीपर? … बोट मोडलंय तिचं. मग गोलमध्ये कोण उभं राहणार? … बचावातली कोणीतरी? ती बिचारी जन्मभर पायाने खेळलेली! आणि सगळ्यांना कळणार कधी, रविवारी सकाळी? … खेळाडू म्हणजे कोणी विकत घेतलेली वस्तू नाही, शंभर टक्के मान्य. पण तुझ्यावर विसंबून दहा जणी मैदानात उतरणार आहेत. … तुरुंग वाटतो? मग त्या दहा जणी काय तुरुंगाधिकारी? … नाही ना? मग झालं तर."

ताईचा आवाज खणखणीत होता. दुकानात उधार मागणाऱ्यालाही ती याच आवाजात नाही म्हणत असे. पण पुढचं वाक्य ऐकलं आणि तिने पाठ मास्तरांकडे वळवली.

"आईचं काय? … बरी आहे आई. … कॅमेरा लागत नाही, कारण फोन जुना झालाय तिचा. … सांगते ना, बरी आहे! … कसला फोटो? … डाव्या हाताने कप धरलाय? तेवढ्यावरून? … गोलकीपर आहेस खरी."

ती खुर्चीत बसली.

"पडली. … बाथरूममध्ये, पाय घसरला. … तीन आठवडे झाले. उजवं मनगट मोडलं. … नाही, ऑपरेशन नाही, शपथ. प्लास्टर आहे, पुढच्या आठवड्यात निघेल. … हो, लपवलं. … आईच म्हणाली, पोरीचं लक्ष उडेल, सांगू नका. पण तोंड माझं होतं, त्यामुळे चूक माझी. … हो. जाताना तुला म्हणाले होते, काहीही झालं तर पहिला फोन तुला करीन. … नाही, कागदावर नव्हतं लिहिलं. … ठमे? … आहेस ना? … दे, दे शिव्या. ऐकतेय."

मास्तर उगाच भिंतीवरच्या नंबर तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लागले.

"झालं बोलून? … चुकले मी. यापुढे नखाला जरी लागलं तरी सांगीन. आता माझं एक ऐक. शब्द पाळ म्हणायला मला तोंड राहिलं नाही, तरी म्हणते. … कारण मी लपवलं तेव्हा तुला कसं वाटलं? … मग त्या पोरींना तसंच वाटायला नको. … मी कुठे म्हणते येऊ नको! ये ना. आईला भेट. पण सांगून ये, पळून नको. मामांनी ते कलम दाखवलं होतं बघ, घरात कोणाला दुखलंखुपलं तर रजा मागता येते. … हो, मागावी लागते, तोंड उघडून. तुझ्या कोचबाईंना फोन लाव. आत्ता. … भीती? पेनल्टी अडवतेस आणि फोनला घाबरतेस? … मी फोन धरून ठेवते. जा."

तिने फोन खांद्याने कानाशी दाबला आणि मास्तरांच्या फ्रेममध्ये काच बसवायला घेतली. स्क्रू दोनदा हातातून पडला. मास्तरांनीच तो टेबलाखालून शोधून दिला.

"हां, बोल! … ओरडल्या? ओरडणारच, दीड तास शोधत असतील. … मग? … रविवारची मॅच खेळायची, सोमवारी निघायचं. दहा दिवसांची रजा! … आणखी काय म्हणाल्या? … 'परत यायचं नसेल तर तेही मला समोर बसून सांग, बसस्टँडवरून नको'? … मला आवडल्या तुझ्या बाई. … तू काय म्हणालीस? … हा हंगाम पुरा करीन. आणि पुढचा? … बरोबर. आधी आईला भेट, मग ठरव. नकोसा झाला तर त्यांच्यासमोर बसून बोल, हिमतीने. मी असेन तुझ्या बाजूने. … बस लागली? … जाऊ दे तिला."

पलीकडे इंजिनाचा आवाज मोठा झाला, मग विरत गेला.

"गेली? … मग चल, पाय उचल. … ठेवू नको? बरं, नाही ठेवत. … बोलू पण नको? … बरं."

ताई नुसती ऐकत राहिली. फरशीवर बॅगेच्या चाकांची खडखड, गाड्यांचे आवाज, मध्येच ठमीने नाक ओढलेलं. मास्तर नवा चष्मा लावून दारात जाऊन पाट्या वाचून आले, मान डोलावून गेले, तरी ती खडखड चालूच होती. शेवटी मैदानाचं लोखंडी फाटक करकरलं. कोणीतरी ठमीचं नाव घेतलं, अगदी चुकीच्या उच्चारात, पण आनंदाने, मोठ्याने. मग दुसरीने. मग तिघीचौघींनी.

"हो, हो… घाल हातमोजे. … अगं, मग फोन कशाने धरशील? ठेव तू. ठेव."