तालमीची बाटली

दवाखान्याच्या बाकावर माझ्या एका बाजूला लालबुंद डोळ्यांचा पैलवान, दुसऱ्या बाजूला एक म्हातारा. दोघं माझ्या डोक्यावरूनच एकमेकांशी बोलत होते.

"डोळ्याला काय झालं, पैलवान?"

"आखाड्याची माती, पावणं. डोळं कोरडं पडून खुपत हुतं. डॉक्टरनी थेंबाची बाटली दिली."

"मग?"

"वस्ताद म्हणालं, तालमीत एकट्यानं काय घ्यायचं न्हाय. बाटली सगळ्यांत फिरली."

"नळी डोळ्याला टेकवून?"

"टेकवल्याबिगर थेंब पडल्यालं कळणार कसं?"

"अरं, एकाची घाण दुसऱ्याच्या डोळ्यात जाती की! ज्याची बाटली त्यालाच, आन् नळी अधांतरी धरायची."

"डॉक्टरबी असंच वरडलं. म्हणून सगळ्यांस्नी आणलंय. ही रांग आमचीच हाय."

"आन् दारातली म्हस?"

"तालमीचीच. दूध तिचं पितोय, मग थेंबाला तिला वगळायचं व्हय?"