कडं वर की खाली

(साउथ डकोटातलं बंदूकदुरुस्तीचं दुकान, गुरुवारची दुपार. बाकावर एक जुनी शॉटगन. दुकानदार डेल, म्हातारा अर्विड आणि त्याची मुलगी जोलीन.)

डेल: तिसऱ्यांदा, अर्विड. वर्षभरात नळीखालचं हे पुढचं लाकूड तिसऱ्यांदा चिरलंय.

अर्विड: तुझा गोंद कुचकामी आहे.

डेल: गोंद जागच्या जागी आहे. शेजारून नवी चीर गेलीय.

अर्विड: मग लाकूड हलकं लावलंस. अठ्ठावीस सालची बंदूक ही. बापानं चाळीस वर्षं चालवली, मी पंचावन्न. तुझ्या हातात आल्यापासूनच तिला रोग लागला.

जोलीन: बाबा, डेलवर कशाला चिडताय? त्याला खांदा दाखवा.

अर्विड: खांद्याला काय धाड भरलीय?

जोलीन: काळानिळा झालाय. रविवारी सरावाला उडत्या तबकड्यांवर चार बार काढले आणि जेवताना काटा उचलवेना. मी बघत नव्हते असं वाटलं तुम्हाला?

अर्विड: हिच्या पाठीला जसं कुबड आहे, तशी बार काढताना लाथही आहे. जुनीच सवय तिची.

डेल: नाही. ही बंदूक लाथ मारत नाही, ढकलते. तुमचंच वाक्य आहे. बार झाला की नळीसकट सगळं मागं येतं. त्या नळीला लगाम घालायला एकच कडं.

अर्विड: मला शिकवतोस? तुला हे शिकवलं कुणी?

डेल: तुम्हीच. तुमच्या गोठ्यात, बादली पालथी घालून. म्हणून तर सांगतोय. हे सगळे भाग सुटे करून ठेवलेत. जुळवून दाखवा.

अर्विड: परीक्षा घेतोस?

डेल: हो. घेतो.

अर्विड: आण इकडे. डोळे बांधूनही जुळवीन. हे कडं. ही स्प्रिंग. हा पितळी तुकडा. ही नळी. झालं. बघ.

डेल: शनिवारी काडतुसं कुठली घालणार?

अर्विड: जडच, जास्त दारूची. शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस, वारा असणार, रानकोंबडे लांबून उठतात. हलकी घालायला मी काय चिमण्या मारतोय?

जोलीन: डेल? काय बघतोयस?

डेल: कडं स्प्रिंगच्या खाली गेलंय.

अर्विड: बरोबरच आहे.

डेल: ती हलक्या काडतुसांची जागा. जड असतील तर कडं वर, नाहीतर लगाम लागतच नाही. नळी धाडकन येऊन आदळते आणि हे लाकूड फाटतं.

अर्विड: बाप खालीच बसवायचा.

डेल: नाही, अर्विड.

अर्विड: मी सांगतो ना, खालीच. पाहिजे तर एका कागदावर लिहून दे, घरी जाऊन ताडून बघतो.

डेल: लिहिलेलं आहे. लाकूड उलटं करा. आत कागद चिकटवलाय.

जोलीन: हे तर बाबांचं अक्षर.

डेल: मार्चमध्ये इथंच बसून लिहिलं त्यांनी. माझी पेन्सिल घेऊन.

अर्विड: काय लिहिलंय? चष्मा गाडीत राहिला.

जोलीन: चष्मा तुमच्या डोक्यावर आहे, बाबा.

अर्विड: मग तूच वाच.

जोलीन: जड काडतूस, कडं वर. विसरू नकोस, गाढवा.

अर्विड: मला आठवत नाही हे लिहिल्याचं.

जोलीन: मी महिनाभर सांगतेय डॉक्टरकडे जाऊ. तुम्ही ऐकाल तर शपथ. मला राग कसला येतो सांगू? या बंदुकीला मला कधी हात लावू दिला नाहीत. मोडेल म्हणायचात.

अर्विड: मोडली असतीसच.

जोलीन: मग कुणी मोडली?

डेल: जोलीन, असू दे.

अर्विड: असू दे कशाला. खरं बोलतेय ती. डेल, शनिवारपर्यंत लाकूड होईल?

डेल: उद्या संध्याकाळी देतो. पण अर्विड, शेताच्या टोकाला तुम्ही बंदूक घेऊन उभे राहणार, आणि समोरून आमची माणसं कोंबडे उठवायला मका तुडवत येणार. मला ते…

अर्विड: मी टोकाला नसेन. मी तुमच्याबरोबर मक्यातून चालेन, कुत्री घेऊन, रिकाम्या हातानं. बंदूक हिच्याकडे.

जोलीन: बाबा, मी तसं म्हटलं नव्हतं.

अर्विड: मी म्हणतोय. बस त्या बाकावर. डेल, कडं कधी कुठं बसवायचं ते तू समजाव हिला. मी सांगायला गेलो तर उलटं सांगेन.